वसुली एजंट, थकलेले हप्ते आणि कागदपत्रं: नाशिकमधला माझा अनुभव

अंबडच्या कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि माझ्या पर्सनल लोनचे हप्ते थकले. सुरुवातीला बँकेच्या कॉल सेंटरचे फोन यायचे, मग एका वसुली एजन्सीचे सुरू झाले. कर्ज खासगी बँकेचं, विनातारण. पुढचं बरंचसं कर्जाच्या प्रकारावर ठरतं, म्हणून हे आधीच सांगतो.

एजंटचं आपण कायद्याने काही देणं लागत नाही. करार बँकेशी झालेला असतो आणि एजन्सी बँकेने नेमलेली असते. एजंटला घरात शिरण्याचा, वस्तू उचलण्याचा किंवा अटक करवण्याचा अधिकार नाही, आणि त्याच्या वागण्याला बँकच जबाबदार असते. बँकेचं देणं मात्र पूर्ण शिल्लक राहतं. एजंट कितीही उद्धट वागला तरी त्यातला एक रुपया कमी होत नाही.

अपवाद एकच, तोही नीट ओळखावा लागतो. बँकेने कर्जच मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जं विकत घेणारी कंपनी) किंवा दुसऱ्या बँकेला वा वित्त कंपनीला विकलं असेल, तर आपण त्या खरेदीदाराचं देणं लागतो. फोनवर ‘तुमचं कर्ज आता आमच्याकडे आहे’ असं कोणी म्हणालं, तर कर्ज हस्तांतराचं पत्र मागा आणि बँकेला ईमेल करून खात्री करून घ्या.

एजंटकडे मी एजन्सीचं नाव, बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र मागितलं. खातं एजन्सीकडे देताना बँकेने एजन्सीची माहिती कर्जदाराला कळवली पाहिजे, आणि एजंटने त्या नोटिशीची प्रत, अधिकारपत्र व ओळखपत्र जवळ बाळगलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘डीआरए’ (डेट रिकव्हरी एजंट, म्हणजे कर्जवसुली एजंट) प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही विचारता येतं. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना किंवा अर्जात संदर्भ म्हणून दिलेल्या लोकांना त्रास, हे सगळं त्यात मना आहे. हा नियम मी एजंटला शांतपणे ऐकवायचो आणि फोनची वेळ, नंबर, बोलणं लिहून ठेवायचो. रेकॉर्डिंग आणि मेसेजचे स्क्रीनशॉट तक्रारीला फार उपयोगी पडतात. उघड धमकी आली तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ (धमकी देण्याचा गुन्हा) त्यासाठीच आहे.

खरं काम झालं ते बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलेल्या ईमेलने. त्यात खाते क्रमांक, उत्पन्न का घटलं, दरमहा किती भरता येईल, आणि एजंटचे वेळेबाहेरचे फोन तारखांसह लिहिले. शिवाय मुद्दल, व्याज, दंड आणि बाऊन्स चार्जेस वेगवेगळे दाखवणारा खातेउतारा मागितला. हा उतारा प्रत्येकाने मागावाच. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे दंड व्याजदरात मिसळता येत नाही, आणि दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याजही लावता येत नाही. एजंट तोंडी सांगतो तो आकडा आणि उताऱ्यातला आकडा क्वचितच जुळतात.

तक्रार नेमकी असावी. कर्जदाराची तक्रार निकाली निघेपर्यंत बँकेने ते प्रकरण एजन्सीकडे देऊ नये असा नियम आहे. मात्र तक्रारी निव्वळ वेळकाढूपणाच्या आहेत हे बँकेने पुराव्यासह दाखवलं, तर हे संरक्षण मिळत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. माझ्या बाबतीत तिथवर जावं लागलं नाही. बँकेने मुदत वाढवून हप्ता कमी केला.

पैसे फक्त कर्जखात्यात भरा, एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही. ‘आज निम्मे भरा, बाकी माफ’ असं कोणी म्हणालं तर बँकेच्या लेटरहेडवर, बँकेच्या ईमेलवरून तडजोडपत्र येईपर्यंत थांबा. त्यात रक्कम, तारीख आणि पूर्ण व अंतिम तडजोड असा स्पष्ट उल्लेख हवा. तडजोडीनंतर सिबिलच्या पतनोंदीत ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं, म्हणून जमत असेल तर मुदतवाढच बरी.

एजंटच्या फोनला घाबरू नये, पण टपालाने आलेल्या कागदाकडे कधीही दुर्लक्ष करू नये. चेक बाऊन्सची कलम १३८ ची नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते. खात्यातून आपोआप जाणारा हप्ता बाऊन्स झाला तरी २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली तशीच कारवाई होते. लवादाच्या (कोर्टाबाहेर वादाचा निवाडा देणाऱ्याच्या) नोटिशीला उत्तर दिलं नाही तर एकतर्फी निवाडा होतो, आणि तो दिवाणी हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो. दावा दाखल होण्याआधीची लोकअदालतीची नोटीस मात्र समन्स नसते. तडजोड करायची असेल तर जावं. सही केल्यावर त्या निवाड्यावर अपील नाही. घर तारण असेल तर सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करण्याचा कायदा) नोटिशीला ६० दिवस मिळतात, आणि पुढे ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं.

आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणारे खूप, त्यांनी हे जरूर वाचावं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा आदेश) निघाला की कलम १५६ चा वसुली अधिकारी खरोखर जप्ती करू शकतो, आणि जामीनदारावरही. त्याला एजंट समजून हाकलू नका. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणीचा) अर्ज करायचा तर येणं रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. त्यामुळे दाखला निघण्यापूर्वीच्या सुनावणीला हजर राहून हिशेबावर हरकत घेणं फार स्वस्त पडतं. वकील परवडत नसेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार अशा काही गटांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर.

जुन्या कर्जाबाबत अजून एक. विनातारण कर्जाच्या दाव्याची मुदत साधारण ३ वर्षं असते, पण त्या आत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली की ती नव्याने सुरू होते. ‘नुसते पाचशे भरा’ या आग्रहामागे हेही असू शकतं.

कर्ज फिटलं की ‘नो ड्यूज’ प्रमाणपत्र, दिलेले कोरे चेक आणि मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी) रद्द झाल्याची नोंद घ्या, मग सिबिल तपासा. चूक दिसली तर सिबिल आणि बँक दोघांकडे तक्रार करा. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा हक्क आहे.