रंगांची पेटी कुठली घेऊ?

दिवाळी जवळ आली की मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, मिनिएचर, म्हणजे चिमुकले पुतळे, रंगवायचं सामान बरोबर न्यायला पेटी कुठली घेऊ?" किल्ल्यावरचे मावळे रंगवता रंगवता एखाद्या मुलाला नाद लागतो. मग तो २८ मिलिमीटरचे सैनिक मागवतो, रंगांच्या बाटल्या जमवतो आणि सुट्टीत मामाकडे जाताना हे सगळं कशात भरायचं यावर अडतो. अलीकडे कुडाळ-कणकवलीकडची नोकरदार माणसंही विचारतात, कारण रविवारी मित्राकडे बसून रंगवायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगते.

एक मोठी पेटी घेऊ नका. दोन लहान डबे घ्या, एक रंगांचा आणि एक कोरड्या सामानाचा. आणि दोन्हींच्या बनावटीत लोखंड नको.

नेटवर परदेशातली मंडळी पेटीला गुण देतात ते तिच्यात बाटल्या किती मावतात यावर. त्यांच्या हवेत ते ठीकच आहे. वेंगुर्ल्यात, देवगडात, रत्नागिरीत आधी खारी हवा बघावी लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी का सुटतं? हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळायला लागतं. जून ते सप्टेंबर आपली हवा बहुतेक वेळ त्या आकड्याच्या वर असते. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ पेटीच्या बिजागरीवर बसलेलंच असतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. ते पाझरलं की बिजागरीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर रात्रंदिवस राहतो आणि त्याखाली लोखंड सडत जातं. पुढे झाकण उघडताना ती तांबूस पूड आत झडते. पांढऱ्या रंगात तिचा एक कण पडला तरी तो रंग मळतो.

म्हणून दुकानात जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. बिजागरी, खटका, स्क्रू, कोपरे, सगळीकडे लावून बघा. चिकटला की ती पेटी परत फळीवर. मेकअपच्या चंदेरी पेट्या फार मोहात पाडतात, चकचकीत आणि खणाखणांच्या असतात. पण बऱ्याच पेट्यांना वरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो, आत दाबलेल्या भुशाचा बोर्ड आणि कोपऱ्यांना लोखंड. त्या बोर्डाला एकदा ओल लागली की कडा फुगतात आणि झाकण बसेनासं होतं. लेझरने कापलेले एमडीएफचे, म्हणजे तसल्याच दाबलेल्या बोर्डाचे, रॅक मिळतात त्यांचीही तीच गत. घरात, भिंतीपासून लांब, दोन्ही बाजूंनी वॉर्निश मारून ठेवायला ते चांगले आहेत, प्रवासाला नाहीत.

मला पसंत असलेला डबा रंगांच्या दुकानात मिळत नाही, गरवायचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो. गळ आणि दोरा ठेवायचे ते प्लास्टिकचे खणांचे डबे. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, आणि हेच हवं. त्याची बिजागरी वेगळी नसतेच, त्याच प्लास्टिकची पट्टी पातळ करून घडी घातलेली असते. ती हजारो वेळा उघडली-मिटली तरी तुटत नाही. डबा मुळात पाण्याजवळ वापरायलाच बनवलेला असतो. रंग सांडला तर नळाखाली धरायचा, आत बसवलेल्या पट्ट्या काढून पुसायच्या, उन्हाला मात्र लावायचा नाही. एक अडचण आहे. यातले बरेच डबे चार-पाच सेंटीमीटरच उंच असतात आणि ड्रॉपरची बाटली आठेक सेंटीमीटर. बूच घट्ट असेल तर ड्रॉपरची बाटली आडवी ठेवून काही बिघडत नाही. झाकणाच्या बुटक्या डब्या मात्र आडव्या ठेवू नका, त्या कडेने गळतात. उभ्याच ठेवायच्या असतील तर स्वयंपाकघरातला चार खटक्यांचा, रबरी कडेचा उंच डबा घ्या.

माप काढणं सोपं आहे. व्हॅलेहो या ब्रँडची १७-१८ मिलीची ड्रॉपर बाटली साधारण अडीच सेंटीमीटर रुंद असते. २० बाय १५ सेंटीमीटरच्या डब्यात अशा आठ गुणिले सहा, म्हणजे अठ्ठेचाळीस बाटल्या उभ्या राहतात. सिटाडेल या ब्रँडच्या १२ मिलीच्या डब्या सव्वातीन सेंटीमीटरच्या वर जातात, तेवढ्याच जागेत चोवीस बसतात. आता मनापासून सांगा, एका बैठकीला अठ्ठेचाळीस रंग कुणाला लागतात? एक मावळा रंगवायला त्वचेचा, कापडाचे दोन, चामड्याचा, पोलादाचा, काळा, पांढरा आणि वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ तपकिरी रंग. डझनभर रंग नेले तर मिसळून बाकीचे होतात, आणि मिसळायला शिकणं हीच तर रंगवण्यातली गंमत. कॅम्लिनच्या ॲक्रिलिक ट्यूबा वापरत असाल तर त्या आडव्या मावतात. त्यांतला रंग दाट असतो, तो पातळ करायला पाण्याची छोटी बाटली त्याच डब्यात ठेवा.

दुसरा डबा कोरड्या सामानाचा. यात ब्रश, पाती, चिमटा आणि सुपरग्लू. हे सगळं रंगांबरोबर का नाही? कारण दोघांना उलट हवा लागते. ॲक्रिलिक रंग पाण्याचे. त्यांच्याजवळ सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, ठेवलं तर सैल झाकणाच्या डबीतला रंग लवकर आळतो. सुपरग्लूचं उलट आहे, तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून आपल्याकडे उघडलेली ट्यूब पावसाळ्यात बघता बघता दगड होते. त्याला आणि पात्यांना सिलिका जेल हवंच. नारिंगी दाण्यांचं घ्या. दाणे हिरवे झाले की ओल भरली असं समजायचं आणि ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवून ते पुन्हा कोरडे करायचे. लक्षात घ्या, हवाबंद डबा हवा कोरडी करत नाही. जुलैतल्या संध्याकाळी झाकण लावलंत तर जुलैची हवाच आत कोंडली जाते, तिच्यातली ओल शोषायला सिलिका जेलच्या पुड्या लागतात.

ब्रशबद्दल थोडं जास्त बोलते, कारण त्यांचेच हाल मी सगळ्यात जास्त बघते. कोलिन्स्की ब्रशचे केस खरे, प्राण्याचे केस असतात. ओलेच डब्यात कोंडले की बुरशी धरते, आणि कोरडे पण उघडे ठेवले तर कसर लागते. काम झालं की ब्रश साबणाने धुवायचा, ओठांत न धरता बोटांनी टोक जुळवायचं आणि आडवा, जरा टोकाकडे उतार देऊन, पंख्याखाली ठेवायचा. केस वर करून पेल्यात उभा केला तर पाणी खाली धातूच्या टोपीत उतरतं, आतलं लाकूड फुगतं, दांड्याचा रंग तडकतो आणि काही दिवसांनी टोपी हलायला लागते. ब्रश पूर्ण सुकला की मगच डब्यात. बैठक मित्राकडे असेल तर घरी येईपर्यंत तो बांबूच्या काड्यांच्या चटईत गुंडाळून आणा, चटईतून हवा खेळते. वेट पॅलेट, म्हणजे ओल्या स्पंजावर कागद पसरलेली रंगपाटी, स्पंजासकट पेटीत ठेवणं तर अजिबातच नको. आपल्या उबेत त्याला वास यायला फार वेळ लागत नाही. उरलेला रंग टाकून द्या, स्पंज पिळा, वाळवा.

डब्यात आकारात कापून स्पंज बसवायचा असेल तर बंद छिद्रांचा ईव्हीए फोम घ्या, चपलांच्या तळव्याचा असतो तसला. गादीचा मऊ स्पंज पाणी धरून ठेवतो आणि काही वर्षांनी चिकट होऊन भुगा होतो. रंग ढवळायला बाटलीत गोळ्या टाकता ना? सायकलच्या बेअरिंगमधल्या नकोत, त्या रंगात गंजतात. काचेचे मणी चालतात, किंवा ३१६ दर्जाच्या स्टेनलेसच्या गोळ्या.

स्प्रे प्रायमर (रंगाआधी मारायचा पहिला थर) आणि स्प्रे वॉर्निश पेटीत नकोतच. स्प्रेच्या डब्यातला वायू पेट घेणारा, रेल्वेत असलं सामान न्यायला मनाई आहे. शिवाय दमट हवेत स्प्रे वॉर्निश पांढुरकं पडतं. ब्रशने लावायचा प्रायमर न्या.

लाकडाची पेटी हवी असा काहींचा आग्रह असतो, आणि मला तो समजतो. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा बघा. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, दहा रंगांचे बारा-बारा, ज्या पेटीत बसतात तिचं झाकण सरकतं असतं. बिजागरी नाही, खटका नाही, म्हणजे गंजायला काही नाहीच. तशी पेटी सुताराकडून सागवानाची किंवा शिवणीची करून घेता येते. आमचे सुतारकाका खाच करतानाच म्हणतात, "ह्यां पावसात फुगतलां, जरा ढिलां ठेवया." त्यांचं ऐका. उन्हाळ्यात झाकण किंचित खुळखुळलं तरच ते श्रावणात सरकेल. वॉर्निश आतूनही मारायला सांगा, एकाच बाजूने मारलं की फळी वाकते.

डबा कुठलाही घ्या, पण विकत घ्यायला जाताना तुमची सगळ्यात उंच बाटली आणि सगळ्यात लांब ब्रश बरोबर न्या. ब्रश १७ ते २० सेंटीमीटरचा असतो आणि बरेच देखणे डबे नेमके दोन सेंटीमीटरने कमी पडतात. दुकानदाराला सांगून झाकण लावून बघा, कुणी नाही म्हणत नाही.