पिकलेल्या केसांवरचा विश्वास

रविवार, रात्री उशिरा

"डॉक्टर होईपर्यंत वय काय होईल गं तुझं?" आज पुन्हा एकदा हा प्रश्न आला. मावसबहिणीकडे साखरपुडा होता, तिथे. मी सरळ हिशेब सांगते. एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. चाळिशीत प्रवेश घेतला, म्हणजे हातात पदवी पडेल तेव्हा सेहेचाळिशीला टेकलेली असेन. पुढे पीजी करायचं म्हटलं तर आणखी तीन वर्षं. विचारणाऱ्याचा मला राग येत नाही, कारण हाच हिशेब आमच्या घरात सगळ्यांत आधी झाला होता. घराचा हप्ता, लेकीची बारावी, माझी फी आणि बंद होणारा माझा पगार, नवऱ्याने सगळं एका कागदावर मांडलं आणि म्हणाला, "अवघड आहे, पण जमेल." सासूबाईंनी सकाळचा स्वयंपाक स्वतःकडे घेतला. कॉलेजात माझ्या जिद्दीचं कौतुक होतं तेव्हा मला ही दोघं आठवतात. त्यांनी हो म्हटलं नसतं तर आजही मी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीच्या टेबलाशी जाडी मोजायचा मायक्रोमीटर घेऊन बसलेली असते.

ते कामही मला आवडायचं. बारावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं होतं, मेडिकलला नंबर लागला नाही, इंजिनिअरिंगला गेले, नोकरी लागली, संसार सुरू झाला. नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, वयाची वरची अट होती, ती २०२२ मध्ये निघाली. बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवून दिला, पण डोक्यातून ती गेली नाही. अभ्यासाला लागले तेव्हा फिजिक्सने हात दिला. जीवशास्त्राचं पुस्तक मात्र बारावीनंतर उघडलंच नव्हतं, आणि ७२० पैकी ३६० गुण त्याचेच.

डॉक्टरच का व्हायचं, याचं उत्तर मला लोकांना धड देता येत नाही. पण एक बोट डोळ्यांसमोर येतं. आमच्या प्रेस शॉपमधल्या एका हेल्परच्या बोटाला पत्रा लागला होता. मी त्याच्यासोबत दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, वाकव. बोट मधल्या पेरात वाकलं, टोकाचं पेर मात्र ताठच राहिलं. एकाच बोटाचा अर्धा भाग ऐकतो आणि अर्धा नाही, हे कसं? त्या गर्दीत कोणाला विचारणार! पहिल्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये हाताची पाळी आली. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत होते. मॅडमनी चिमट्याने बोटातला वरचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, उचलला आणि दाखवलं: हा पुढे जाऊन दोन फाट्यांत फुटतो, मधल्या पेराच्या हाडाला दोन बाजूंनी चिकटतो, आणि त्या फटीतून खालचा कंडरा पार बोटाच्या टोकापर्यंत जातो. त्या मुलाचा खालचा तुटला होता, वरचा शाबूत होता. इतकी वर्षं जपलेल्या प्रश्नाचं उत्तर समोर पडलं होतं, तेही ज्या माणसाने आपला देह आम्हाला शिकायला दिला त्याच्या हातात. बाकीची मुलं पुढच्या टेबलाकडे गेली तरी मी तिथेच उभी होते.

पाठांतराचं म्हणाल तर बायोकेमिस्ट्रीने रडवलं. वर्गातल्या अठरा-एकोणीसच्या मुली एकदा वाचून जे लक्षात ठेवतात ते मला चारदा लिहून काढावं लागतं. त्या मला ताई म्हणतात आणि वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, आदल्या रात्री फोनवरून प्रश्न विचारून माझी तयारी करून घेतात. फार गुणी मुली आहेत.

आज हे सगळं लिहायला बसले ते वॉर्डामुळे. दुसरं वर्ष लागलं, मेडिसिनची पोस्टिंग सुरू झाली. रेसिडेंट सरांमागे, म्हणजे वॉर्डात काम करत पीजी शिकणाऱ्या डॉक्टरांमागे, आम्ही घोळक्याने उभे असतो, सगळ्यांच्या अंगात तोच पांढरा ॲप्रन. नातेवाईक मात्र थेट माझ्याकडे येतात. सर जेमतेम सत्तावीसचे, आणि माझे केस पिकलेले. परवा निफाडकडच्या एका आजोबांच्या सुनेने रिपोर्ट माझ्याच हातात दिला. जुनी साखर, पायांवर सूज. "मॅडम, क्रिएटिनिन ४.२ आलंय. आता डायलिसिस करावंच लागंल का?"

क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा; तो आकडा वाढलेला आहे हे मला कळत होतं. सव्वा-दीडच्या आत असायला हवा, हे मी शिकले आहे. पण डायलिसिस एकट्या या आकड्यावर ठरत नाही. पोटॅशियम किती, लघवी किती होते, अंगात पाणी किती साठलंय, दम लागतो का, हे सगळं पाहून ठरवतात, आणि ते पाहण्याची नजर अजून माझ्याकडे नाही. मी तिला म्हटलं, "ताई, मी इथे शिकतेय, डॉक्टर नाही झाले अजून. हे सरांना विचारू या." तिचा चेहरा उतरला. तिला वाटलं, मी टाळतेय.

सर रात्रभर ड्यूटी करून उभे होते. तरी खाटेच्या कडेला बसले, आजोबांचा पाय दाबून पाहिला, मानेची शीर पाहिली आणि तिला समजेल अशा भाषेत पाच मिनिटं बोलले. डायलिसिसची आज गरज नाही, पण मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना दाखवावं लागेल, आणि मेडिकलमधून मनाने आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद. गोळ्यांचं तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान मुलगा, पण त्या खाटेपाशी वडीलकीचा मान त्याचाच होता.

पिकलेल्या केसांवर लोक जो विश्वास टाकतात तो मला अजून घेता येणार नाही. घेतला आणि अर्धवट माहिती ठाम आवाजात सांगितली, तर ऐकणारा त्यावर घरचे निर्णय घेईल, जमीन गहाण ठेवेल. मोठ्या वयात शिकणाऱ्याला हा धोका वर्गातल्या मुलांपेक्षा जास्त आहे, कारण त्यांना कोणी विचारतच नाही.

मात्र त्या सुनेने नंतर मला आणखी एक गोष्ट सांगितली. आजोबा गोळ्या उशाखाली लपवून ठेवायचे, मुलाला खर्च नको म्हणून साखरेचं औषध दिवसाआड घ्यायचे. हे ती सरांसमोर बोलली नव्हती. मी तिला विचारून ते सरांच्या कानावर घातलं आणि त्यांनी केसपेपरवर लिहून घेतलं. इतकं काम मला आजही करता येतं. पहिलं वाक्य "मी विद्यार्थिनी आहे" हेच राहील, आणि त्यानंतर कोणी बोलायला लागलं तर मी स्टूल ओढून ऐकत बसेन.

उद्या आठला पोस्टिंग. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत, त्यामुळे सातलाच निघावं लागेल. मूत्रपिंडाचा धडा आज पुन्हा वाचायचा आहे, दुखण्याच्या गोळ्यांनी नेमकं काय होतं तेवढं तरी. सरांना विचारायचंय की ते नातेवाइकांशी बोलतात तेव्हा मला शेजारी बसू देतील का.