आमची वाटचाल : खेडला उतरा, पुढचं आम्ही बघतो

दापोली-गुहागरच्या किनाऱ्यावर ड्रायव्हरसह गाडी देऊन पाहुण्यांना फिरवायचं, हा आमचा धंदा. त्याची सुरुवात मात्र पर्यटनातून झालेली नाही. २००४ साली आमच्याकडे एक जुनी टाटा सुमो होती आणि काम एकच, दापोलीच्या कृषी विद्यापीठात येणाऱ्या पाहुण्यांना खेड स्टेशनवरून आणायचं आणि काम झालं की परत सोडायचं. परीक्षक, खत-बियाण्यांच्या कंपन्यांची माणसं, मधूनच एखादे दिल्लीकडचे शास्त्रज्ञ. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली होती, त्यामुळे रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून घेण्याऐवजी लोक मांडवी एक्स्प्रेसने खेडला उतरायला लागले होते. खेड-दापोली जेमतेम तीस किलोमीटर. त्या भाड्यात डिझेल आणि गाडीचा हप्ता सुटायचा, बाकी आनंदच.

पाहुण्यांचं काम मात्र बऱ्याचदा दुपारीच आटपायचं आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी असायची. मग विचारणा व्हायची, "समुद्र किती लांब आहे हो?" हर्णै पंधरा-सोळा किलोमीटर. वाटेत आसूदला सुपारीच्या बागांतून, ओहोळावरचा पूल ओलांडून केशवराजच्या देवळात चढायचं, पुढे हर्णैचा मासळीचा लिलाव, अंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, उजेड असला तर मुरूडच्या किनाऱ्यावर चहा. हेच पाहुणे पुढच्या वर्षी बायकामुलांना घेऊन स्वतःच्या खर्चाने यायला लागले. जाहिरात म्हणाल तर एवढीच.

भांडण व्हायचं ते पैशांवरून. पुण्या-मुंबईत टुरिस्ट गाडीचा हिशोब ठरलेला असतो : रोजचे किमान तीनशे किलोमीटर, दर किलोमीटरला इतके रुपये, शिवाय ड्रायव्हर भत्ता, टोल, पार्किंग. आमच्याकडे दिवसभर फिरून गाडी सत्तर-ऐंशी किलोमीटर पळते. खरे किलोमीटर लावले तर ड्रायव्हरचा दिवस फुकट जातो. तीनशे लावले तर गिऱ्हाईक मीटरकडे बोट दाखवून म्हणतं, लुटता काय? दोघांचंही बरोबरच. शेवटी बायकोने तोडगा काढला. फोन, वही आणि उधारी ही तिन्ही खाती पहिल्यापासून तिच्याकडे. तिने सांगितलं, किलोमीटर विकायचेच नाहीत, दिवस विकायचा. सकाळी आठ ते रात्री आठ, एक ठोक रक्कम. डिझेल, फेरीबोटीचं तिकीट, ड्रायव्हरचं जेवण सगळं त्यात. कुठे दहा मिनिटं थांबायचं आणि कुठे दोन तास, ते पाहुण्यांनी ठरवावं. या एका निर्णयावर आमची फर्म उभी आहे असं मी मानतो. ड्रायव्हरला गाडी पळवण्याची घाई उरली नाही. आणि या किनाऱ्यावर घाई केली की काही दिसत नाही, उलट आतल्या माणसांना गाडी लागते. आडे-पाडले-अंजर्ले रस्त्यावर एका बाजूला कडा, खाली पाणी आणि समोरून एसटी.

ड्रायव्हर इथलाच असावा हा आग्रह आधी निव्वळ पैशांसाठी होता. बाहेरचा माणूस आणला की त्याच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय करावी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी ड्रायव्हरला पडवीत नाहीतर गाडीतच झोपवतात. आमचा हर्णैचा माणूस पाहुण्यांना मुरूडला सोडून आपल्या घरी जेवायला जातो आणि सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर असतो. जिथे घर लांब पडतं तिथे घरगुती मुक्कामवाल्यांशी आम्ही आधीच बोलतो : ड्रायव्हरला खाट, पंखा आणि पाहुण्यांना वाढाल तेच जेवण. हे ज्यांना जमत नाही त्यांच्याकडे आम्ही पाहुणे पाठवत नाही.

या आग्रहाचा खरा फायदा पुढे कळत गेला. आमच्याकडे 'मामा' म्हणून सगळे ज्यांना ओळखतात ते आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर. बुकिंगचा फोन आला की ते आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतात. हिशोब जुना, खलाशांचा. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो साधारण भरतीचा तास. शुद्ध असो की वद्य. अष्टमी असेल तर सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पूर्ण भरती आणि भर दुपारी ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण सहलीचा बेत आखायला तेवढं पुरतं. कर्दे-मुरूडला लांबवर ओल्या वाळूतून चालायचं तर ओहोटी हवी. हेदवीची बामणघळ बघायची तर भरती हवी, कारण खडकातल्या त्या अरुंद चिरेत पाणी घुसून उसळतं ते भरतीलाच. ओहोटीला नेलं तर पाहुणे घळीकडे बघतात आणि मग आमच्याकडे बघतात. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मात्र मामा त्यांना कड्याच्या जवळपास फिरकू देत नाहीत, मग कुणी कितीही मोठा साहेब असो.

तीच गोष्ट हर्णैच्या लिलावाची. होड्या लागतात ते साधारण चारनंतर. मासळी बैलगाड्यांतून किनाऱ्यावर येते, वाळूवर ढीग लागतात आणि बोली सुरू होते. तिथे घरगुती गिऱ्हाइकाला कुणी विचारत नाही. आमचा ड्रायव्हर पाहुण्यांना बोलीच्या गर्दीतून बाजूला, टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे नेतो, सुरमईचे कल्ले उचलून लाल आहेत का बघतो, पोटाला बोट दाबून बघतो आणि भाव तिच्याच बोलीत करतो. तिथूनच मुक्कामाच्या घरी फोन : काकू, दोन किलो आणतोय, वाटण करून ठेवा. जूनपासून दोन महिने यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत फोनवर कुणी ताज्या सुरमईची चौकशी केली तर बायको सरळ सांगते की ताजी मिळणार नाही, खाडीची मासळी मिळाली तर बघू, नाहीतर फणसाची भाजी आणि बिरड्या आहेत. काही बुकिंगं यामुळे जातात. जाऊ देत.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली आणि आमच्या भागाचा नकाशाच बदलला. त्याआधी दापोलीहून गुहागर म्हणजे खेड, चिपळूण करत शंभरावर किलोमीटरचा वळसा. आता गाडी बोटीवर चढवली की दाभोळची खाडी ओलांडून समोर गुहागर तालुका. पुढे तवसाळ-जयगड बोटही झाली. मग आम्ही सलग सहल बांधली : खेडला उतरा, दापोलीकडचा किनारा बघा, दाभोळला खाडी ओलांडा, गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून जयगड, मालगुंडला केशवसुतांचं घर, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता, आणि रत्नागिरीला रेल्वेत बसा. चार दिवसांत सावकाश होतं. तीन दिवसांतही बसतं, पण आम्ही चार सांगतो. पाहुण्यांना आलेल्या रस्त्याने परत जावं लागत नाही.

परत जावं लागतं ते आमच्या गाडीला, तेही रिकाम्या. हा खर्च कुणाच्या माथी मारायचा यावर आमच्या घरात बराच काळ खल चालला होता. आता बायको जोड लावते. रत्नागिरीला उतरून उलट दिशेने खेडला येणारे पाहुणे मिळाले की दोघांनाही दरात सूट. त्यासाठी कधी कुणाला एक दिवस पुढे-मागे व्हायला सांगावं लागतं आणि लोक ऐकतातही, पैसे वाचत असतील तर.

बोटीवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे "दाभोळचा एन्रॉन कुठाय?" एन्रॉनचा तो वीजप्रकल्प दाभोळला नाही, समोर पलीकडे अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला, गुहागर तालुक्यात. नाव मात्र दाभोळला चिकटलं. आमचे गुहागरकडचे ड्रायव्हर नव्वदच्या दशकात त्या बांधकामावरच गाड्या चालवायचे. २००१ साली वीज बंद झाली आणि भाडीही बंद झाली. प्रकल्पाबद्दल त्यांच्याकडे जे ऐकायला मिळतं ते वर्तमानपत्रात आलेलं नाही. पाहुण्यांनी विचारलं तर ते सांगतात, नाही विचारलं तर गप्प बसतात. ड्रायव्हर म्हणजे गाईड नव्हे, तोंडाचा पट्टा सतत चालू ठेवायचा नाही, असं आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवतो.

आमची गाडी वाळूत उतरत नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही. कर्दे, मुरूड, लाडघरला शनिवार-रविवारी बाहेरच्या गाड्या हौसेने पाण्याच्या कडेकडेने पळतात. ओली वाळू टणक वाटते, गाडी थांबवून फोटो काढेपर्यंत पाणी फिरतं, चाकाखालची वाळू सरकते, ॲक्सिलरेटर दाबला की चाक अजून खाली. मग गावात ट्रॅक्टर शोधायचा, आणि भरती चढत असताना ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव. शिवाय अंजर्ले, वेळास, गुहागर या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. त्यासाठी पाहुण्यांना पहाटे उठवून नेण्याचं काम आम्ही आनंदाने करतो, पण पिल्लू दिसेलच अशी हमी देत नाही. ते घरट्यातून कधी बाहेर येईल ते आमच्या हातात नाही.

आमच्या वर्षातली खरी कसोटी मे महिना नाही. गणपती आणि शिमगा. चाकरमानी येतात तेव्हा स्टेशनवर गाड्यांना सोन्याचा भाव असतो आणि नेमकं तेव्हाच ड्रायव्हरला घरी राहायचं असतं. शिमग्यात गावची पालखी दारात येणार आणि घरचा कर्ता माणूस खेड स्टेशनवर उभा, हे इथे चालत नाही. चालू नयेही. आमच्याकडे दाभोळ-हर्णैकडचे मुसलमान ड्रायव्हर आहेत, ते गणपतीतल्या पाच दिवसांची आणि शिमग्याची भाडी उचलतात. ईदला आणि रमजानच्या संध्याकाळी बाकीचे त्यांची भाडी बघतात. कुणी बसून ठरवलेलं नाही, आपोआप पडलेली पद्धत आहे. तरीही गाड्या कमी पडतात. तेव्हा आम्ही नवीन बुकिंग घेत नाही, गावच्या माणसांना आधी.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. गाड्या टाळेबंदीमुळे मार्चपासून उभ्याच होत्या. केळशी, आडे, पाडले, अंजर्ले, मुरूड या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्या घरांत आमचे पाहुणे उतरायचे त्यांची छपरं उडाली. कित्येक आठवडे वीज नव्हती. त्या पावसाळ्यात आमच्या गाड्यांच्या टपावर बॅगांऐवजी पत्रे बांधलेले होते. पर्यटन त्यानंतर लोकांच्या अंदाजापेक्षा लवकर परत आलं, पण बागा नाही आल्या. सुपारीचं नवं झाड फळाला यायला पाच-सात वर्षं घेतं. आधी येऊन गेलेले पाहुणे विचारायचे, इथे एवढं ऊन कसं काय? सावलीच पडून गेली होती. त्या वर्षी दोन गाड्या विकल्या, ड्रायव्हर एकही सोडला नाही. गाडी हप्त्याने परत घेता येते.

आता स्पर्धेबद्दल. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाड्या आमच्यापेक्षा स्वस्तात फिरवतात हे उघड आहे. आमच्या गाड्या पिवळ्या पाटीच्या, एमएच ०८, परमिट, पासिंग, प्रवाशांचा विमा, ड्रायव्हरचा बॅज, सगळं असलेल्या. अपघात होईपर्यंत हा फरक कुणाला दिसत नाही. मोबाइलवरून गाड्या देणाऱ्या एका मोठ्या कंपनीनेही आम्हाला जोडून घेण्याविषयी विचारलं होतं. त्यांच्या फॉर्ममध्ये 'रोजचे किलोमीटर' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. आम्ही पुढे गेलो नाही.

हल्ली सगळ्यात जास्त विचारणा रत्नागिरीच्या दक्षिणेकडची होते. पावस, पूर्णगड, आडिवरे, कशेळीचं कनकादित्याचं देऊळ, सड्यावरची म्हणजे उघड्या कातळपठारावर कोरलेली कातळशिल्पं, पुढे विजयदुर्ग. २०२२ साली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्यापासून तर मुद्दाम कशेळीचा हत्ती बघायला लोक येतात. सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, पण सड्यावर अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तोच सडा फुलांनी भरतो, तेव्हा पाय कुठे ठेवायचा हे सांगणारा माणूस सोबत हवा. आमची पोरं तिथली नाहीत. जयगड ओलांडलं की भरतीचा हिशोब तोच, पण कुठल्या घरात दुपारी पान वाढलं जातं हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून पाहुण्यांना रत्नागिरीत राजापूर तालुक्यातल्या दोघा गाडीवाल्यांच्या हवाली करायचं असं ठरवलंय. त्यांची स्वतःची गाडी, स्वतःचं गाव. ठोक दिवस, खाट-पंखा आणि वाळूत न उतरणं एवढ्या अटी त्यांनी मान्य केल्या आहेत. शिमग्यात ते येणार नाहीत, ही अट त्यांची. ती आम्ही लगेच मान्य केली. दराचं बोलणं अजून चालू आहे.