सुया टोचून घेतल्या हो एकदाच्या!

आज रत्नागिरीत गुडघ्याला ॲक्युपंक्चर करून घेतलं. सकाळपासून जो तो विचारतोय, म्हणून इथेच लिहिते.

दुखतं का? मुंगी चावल्याइतकं. इंजेक्शनची सुई पोकळ आणि जाड, ही भरीव, जेमतेम पाव मिलिमीटरची. माझ्यासमोरच सीलबंद पाकीट फाडलं. सुई प्लास्टिकच्या नळीत घालून वर बोटाने टिचकी मारली, झालं. खरी गंमत पुढे. डॉक्टरांनी ती सुई जराशी फिरवली आणि नडगीच्या बाजूने काहीतरी जड, बधिर असं पार घोट्यापर्यंत उतरलं. तेच हवं असतं म्हणे! मग वीसेक मिनिटं नुसतं पडून राहायचं. मी चक्क घोरत होते, असं बाहेर बसलेल्या वहिनी सांगतात. वहिनींचं काही खरं नसतं.

उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येऊ शकते. मी मऊभात खाऊन गेले होते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर आधी सांगा. एखादा काळानिळा डाग उठला तर घाबरू नका.

आणि हो, डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या पथकातल्या डॉ. बसूंनी ही विद्या पुढे भारतात आणली.

गुडघा जरा मोकळा वाटतोय, पण जुनं दुखणं एका बैठकीत जात नाही. तोवर वाकून काम बंद, म्हणजे यंदा भाताच्या लावणीला मी नाही. जाऊबाई, वाचताय ना?