पोच

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात दर गुरुवारी दोन तास मी शिक्षाबंदींना लेखन आणि नाट्य शिकवतो. मोबाइल फाटकावर ठेवायचा, आत नेलेली पेने मोजून बाहेर आणायची, कागदांना टाचणीऐवजी दोरा लावायचा आणि कोणालाही त्याची केस विचारायची नाही, एवढे पाळले की काम सुरू होते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात केलेल्या लेखनाचा दाखला मी पूर्वी पहिल्याच वर्गात देत असे. आता देत नाही, कारण तो ऐकला की माणसे एकदम उदात्त लिहू लागतात. आणि कार्यक्रमाला येणाऱ्या पाहुण्यांना नेमके तेच हवे असते.

वर्गात जन्मठेपेचे एक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. बराकीतल्यांचे रजेचे अर्ज तेच लिहून देतात, म्हणून सगळे त्यांना रायटरकाका म्हणतात. बाहेर पॅरोल हा एकच शब्द ठाऊक असतो; आत मात्र संचित रजा आणि अभिवचन रजा यांतला फरक प्रत्येकाला तोंडपाठ असतो. नियमांप्रमाणे अभिवचन रजेला घरातला मृत्यू, गंभीर आजार, लग्न असे कारण दाखवावे लागते. संचित रजेला तसे कारण लागत नाही. ठरावीक शिक्षा भोगली की ती मागता येते. जामीन राहणारे माणूस मात्र बाहेर असावे लागते. काकांनी स्वतःसाठी एकही अर्ज लिहिलेला नाही, हे मला दुसऱ्या एकाने सांगितले.

त्यांचे प्रत्येक लेखन ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असे सुरू होई. कार्यालयीन मराठीने आपल्या माणसांची जीभ बांधून टाकली आहे, असे माझे ठाम मत असल्याने ‘सदर अर्जदार’ दिसेल तिथे मी चार आठवडे तांबडी रेघ मारून ‘मी’ लिहायला सांगत राहिलो.

पाचव्या गुरुवारी प्रसंग दिला : रजेवर सुटलेला माणूस घराच्या दारात उभा आहे, दार कोण उघडते? बहुतेकांनी रडणारी आई लिहिली. काकांचा कागद आठवतो तसा देतो.

‘प्रति, चि. मुलीस. विषय : दारात पाच मिनिटे उभे राहण्याची परवानगी मिळणेबाबत. सदर अर्जदाराने आपणाकडे यापूर्वी कोणताही अर्ज केलेला नाही. दाखवण्याजोगे कारण नसल्याने अभिवचन रजा न मागता संचित रजा मागत आहे. जामीनदार : नाही.’

यात संवाद नाही, हा प्रवेश होऊ शकत नाही, असे मी म्हणालो. तरीही दोघांना उभे केले. मुलीच्या जागी बावीस वर्षांचा एक मुलगा होता आणि त्याच्या हाती एकही वाक्य नव्हते. ज्याला बोलायचे नाही त्याने हाताला काम द्यावे, हे मी पहिल्या दिवसापासून शिकवत आलो आहे. त्याने ओढणी सारखी करावी तसा हात खांद्यावर नेला, कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून मागची बाजूही पाहिली आणि म्हणाला, “अर्ज मिळाला. पोच देते. निर्णय मागाहून कळवीन.”

इतका नेमका अभिनय मी नाशिकच्या रंगमंचावरही क्वचित पाहिला आहे. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोचेवर तारीख घाल, बाळा. तारखेशिवाय पोच चालत नाही.” अर्जात ‘आपणाकडे’ होते.

तेवढ्यात बंदीची वेळ झाली आणि सगळे मोजणीसाठी रांगेत गेले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी वळणदार अक्षरात नवी प्रत आणली. विषयाची ओळ नव्हती, जामीनदाराची नव्हती. सगळीकडे ‘मी’ आणि ‘माझी लाडकी लेक’ होते. “सर, आता तुम्ही सांगता तसे झाले ना?” त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. चार आठवडे तेच तर मागितले होते.

पहिला कागद परत मागितला, तेव्हा कळले की त्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी बराकीतल्या एकाला वडिलांच्या आजारपणासाठी अभिवचन रजेचा मसुदा लिहून दिला होता.