तरीही त्या खोऱ्यात का?

लग्नात विचारतात, बारशाला विचारतात, परवा तर दातांच्या डॉक्टरांनी मी खुर्चीत आ वासून पडलेली असताना विचारलं, "दिराचा पाय गेला, तरी तुम्ही अजून तिकडे पळायला जाता?" तोंडात कापूस असल्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. एरवी मी हसते, "सवय हो" म्हणते आणि घरी येऊन भांडी आपटते. तर तुम्हीही तेच विचारलंत, की कोयनेच्या कांदाटी खोऱ्यात भाऊजींना अपघात झाला तरी मी तिथे पळायला का जाते, म्हणून एकदाच काय ते सविस्तर.

आधी दुरुस्ती. पाय गेलेला नाही. नडगीचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. भाऊजी चालताना किंचित लंगडतात आणि पळणं बंद आहे. पळणाऱ्याचं पळणं बंद झालं म्हणजे पाय गेल्यातच जमा, असं कुणी म्हणालं तर मात्र मी वाद घालणार नाही.

मग पोटप्रश्न. पावसाळ्यात कशाला गेलात? फेब्रुवारी होता, ओढे कोरडे ठाक. अभयारण्यात कशाला घुसलात? घुसलो नव्हतो. वासोटा किल्ल्याच्या बाजूला वनखात्याची परवानगी लागते, मुक्कामाला बंदी आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. आम्ही कांदाटी खोऱ्यात, गावातून गावात जाणाऱ्या पायवाटेवर होतो. रस्ते कमी पडले का? माझ्यासारख्या साताऱ्यात राहणाऱ्या बाईने तरी कमी पडले असं म्हणू नये. यवतेश्वरच्या घाटात 2012 पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, पहाटे घाटात ओळखीचं माणूस भेटलं नाही असं होत नाही. मीही तिथे पळते. आणि हायवेवर दुचाकीवरून पडून हातपाय मोडून घेतलेले आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. त्यांच्या वहिनीला "तरी तुम्ही अजून गाडीवर बसता?" असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. माझ्या नवऱ्यालाही कुणी काही विचारत नाही. त्याच्याकडे फक्त सहानुभूतीने बघतात.

हे झालं भांडण. उत्तर अजून दिलेलं नाही, हे मलाही कळतंय.

पूर्वी उत्तर तयार असायचं. एका बक्षीस समारंभात माइक हातात आल्यावर मी म्हणाले होते, की जंगलात पळताना माणूस निसर्गाशी एकरूप होतो. टाळ्याही पडल्या. त्या बाईला आज गाठून विचारावंसं वाटतं, कुठे झालीस गं एकरूप? त्या झाडीत अस्वलं आहेत. अस्वलाची नजर अधू, आपण पळत अचानक समोर गेलो की ते बिचकून अंगावर येतं. म्हणून प्रत्येक वळणाच्या आधी "होऽऽ" अशी हाळी घालत जायचं, हे तिथल्या माणसांनीच आम्हाला शिकवलं. एकरूप झालेलं माणूस असं ओरडत जात नाही.

खरं कारण त्यापेक्षा पुष्कळ साधं आहे, निदान तेव्हा तसं वाटायचं. डांबरावर पळताना पाय आपोआप चालतात आणि डोकं मोकळं राहतं. मोकळ्या डोक्यात माझ्या घरचा किराणा, शाळेतले पेपर आणि सासूबाईंची शुगर येऊन बसते. पायवाटेवर त्याला जागाच नाही. उतारावर पावलं आखूड टाकायची, नजर तीन-चार पावलं पुढे, टाच रोवून ब्रेक मारायचा नाही. दगड हलतो का, मुळी आडवी आहे का, पानांखाली काय आहे. तास दोन तास मी कुणाचीच कुणी नसते.

आणि खोरंही तसंच आहे. कोयना महाबळेश्वराहून निघून सह्याद्रीला समांतर दक्षिणेला जाते, पार हेळवाकला पूर्वेकडे वळते. साठच्या दशकात धरण झालं, शिवसागराचं पाणी कांदाटीच्या तोंडात शिरलं आणि पलीकडची गावं लाँचवर अवलंबून झाली. जांभूळ, अंजनी, हिरडा, मध्ये कारवीची दाटी. गावात बहुतेक म्हातारी माणसं. तरणी मंडळी मुंबईला, कितीतरी माथाडीत.

आता तो दिवस.

एका ओढ्यात उतरत होतो. मी पुढे, भाऊजी मागे. ओढ्याच्या पात्रात वाळकी पानं घोट्याइतकी साठलेली. मी ज्या धोंड्यावर पाय दिला त्याच्याच शेजारी त्यांनी दिला, वीतभर डावीकडे. तिथे पानांखाली दोन धोंड्यांमध्ये फट होती. पाय आत अडकला आणि अंग पुढे गेलं. वाळली शेवग्याची शेंग मोडावी तसा आवाज आला. ते ओरडले नाहीत. "वहिनी, मोडला," एवढंच म्हणाले, जणू छत्रीचा दांडा मोडलाय. मोज्याच्या वर, जिथे नडगी सरळ असायला हवी, तिथे कातडीखाली एक टेंगूळ उभं होतं.

कारवीच्या चार काठ्या मोडल्या. कुडाच्या भिंतींना ज्या लावतात त्याच, सरळ आणि हलक्या. माझ्या जॅकेटच्या बाह्या आणि पाठपिशवीचे पट्टे घेऊन पाय बांधला. हे सगळं मला येतं हे मला त्या दिवशीच कळलं. रेंज नव्हतीच. पुढचं गाव खाली, पाण्याकडे. ते म्हणाले, "तुम्ही जा. मी इथे ओरडत बसतो, म्हणजे काही जवळ येणार नाही."

मी निघाले. मागून "होऽऽ" येत होतं. ठराविक अंतराने, लाँग रनच्या शिस्तीत. मी उत्तर देत होते. मग वाट सोंडेला वळसा घालून पलीकडे गेली आणि हाक ऐकू येईनाशी झाली.

आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. हाक बंद झाली आणि मला हलकं वाटलं. पुढचा उतार मी जसा पळाले तसा त्याआधी कधी पळाले नव्हते. एकही पाऊल चुकलं नाही. पाय कुठे टाकायचा हे दिसायच्या आधी पायाला कळत होतं. ऊन झाडीतून तिरपं येत होतं, श्वास बसलेला होता, आणि मागे एक माणूस मोडक्या पायाने एकटा बसला आहे हे मला माहीत होतं, तरीही मी सुखात होते. घाबरलेली नव्हते, सुखात. मिनिटभर असेल, पाच मिनिटं असतील. कुत्री भुंकली, कौलं दिसली, आणि मग मी रडत गावात शिरले. ते रडू खरं होतं, पण ते गावाच्या वेशीवरच का फुटलं, हा प्रश्न मला तुमच्या प्रश्नापेक्षा जास्त छळतो.

गावात दोन म्हातारे, यात्रेसाठी मुंबईहून आलेला एक मुलगा आणि बायका. कुणी काही विचारलं नाही. घोंगडी आली, बांबू आला, झोळी झाली. ओढ्यापासून धक्क्यापर्यंत खांदे बदलत आणलं. माझाही खांदा लागला. त्यांतल्या आजीबाई माझ्याहून निम्म्या वजनाच्या, पण चढाला एकदाही थांबल्या नाहीत. त्यांच्या सुनेला बाळंतपणासाठी असंच नेलं होतं, मग लाँच, मग तापोळ्याहून गाडी. "आमास्नी सवय हाय," म्हणाल्या. लाँच सुटताना माझा हात धरून म्हणाल्या, "बरं झालं बाई तुला पळाया येतंय. वेळ वाचला."

यावर काय बोलणार? मी ज्या वाटेवर हौसेने पळते ती वाट शिल्लक आहे, कारण तिथे रस्ता नाही. रस्ता असता तर भाऊजी तासाभरात दवाखान्यात असते आणि त्या सुनेला झोळीत जावं लागलं नसतं. आता नवीन महाबळेश्वर या सरकारी गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्यात साताऱ्याची शेकडो गावं घेतली आहेत, आज ना उद्या डांबर खोऱ्यात शिरेल. व्हायलाच हवं, असं मी म्हणते. आणि बातमी वाचली की माझ्या पोटात तुटतं. त्या आजींसमोर उभं राहून यातलं दुसरं वाक्य मी म्हणू शकणार नाही, म्हणून इथे म्हणून घेते.

तर का जाते? ते पाच मिनिटांचं सुख पुन्हा मिळावं म्हणून जाते, असं एक मन म्हणतं. ते तसं नव्हतंच, भीतीलाच मी सुख समजले, हे पडताळायला जाते, असं दुसरं म्हणतं. आजवर दोघांपैकी कुणाचंच खरं ठरलेलं नाही. त्या ओढ्यात मी आता चालत उतरते. आणि एकटी जात नाही, गावातला एखादा मुलगा सोबत घेते, त्याचे पैसे देते. ही काळजी झाली, उत्तर नव्हे.

सासूबाई फक्त "किती वाजेपर्यंत येशील?" विचारतात. भाऊजींनी मात्र एकदा विचारलं, आणि ते सगळ्यांच्या प्रश्नासारखं नव्हतं. पाय पाटावर ठेवून पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी ओढ्यापासून गावापर्यंत पेस किती पडला? किलोमीटरला किती मिनिटं?"

घड्याळ चालू होतं. सगळी नोंद आहे त्यात, मी ती पुसलेली नाही. मी म्हटलं, "घड्याळ बंद पडलं होतं हो."

"तुमचं? शक्यच नाही," ते म्हणाले, आणि पेपरचं पान उलटून मला उन्हाळ्यातल्या पाणीकपातीची बातमी वाचून दाखवायला लागले.