२ लाख ६० हजार किलोमीटरनंतरची ई-क्लास: कोल्हापुरात करून घेतलेली कामं

गाडी मर्सिडीज ई २८० सीडीआय, २००८ ची, डब्ल्यू २११ बॉडी (या पिढीच्या ई-क्लासचा मर्सिडीजचा कोड). आत २९८७ सीसीचं व्ही-सिक्स डिझेल, म्हणजे मर्सिडीजच्या भाषेत ओएम ६४२, आणि सात गिअरचा ऑटोमॅटिक. रनिंग २ लाख ६० हजार. अशा गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला स्वस्तात मिळतात आणि पहिलं मोठं काम निघालं की परत विकायला उभ्या राहतात. ते पहिलं मोठं काम पुष्कळदा एकच असतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली तेलाचा थेंब दिसायला लागतो. गाडी रॅम्पवर घेतली की मिस्त्री खालून बॅटरी मारतो आणि सांगून मोकळा होतो, "मागचं सील गेलंय मालक, गिअरबॉक्स उतरवावा लागंल." मलाही आधी हेच सांगितलं गेलं. इथं घाई करायची नाही. या इंजिनात ऑईल कूलर दोन्ही बँकांच्या, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांच्या, मधल्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळकांड्याच्या) खाली बसलेला असतो. कूलर आणि ब्लॉक यांच्यामध्ये दोन रबरी सील. वरून मागच्या बाजूला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा ढकलणारा पंखा), म्हणजे डोक्यावर कायमची भट्टी. दहा-पंधरा वर्षांत ते रबर कडक होतं, चपटं होतं आणि तेल सोडायला लागतं. तेल खोबणीत साठतं, मागच्या बाजूनं ओघळत बेलहाउसिंगमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचात) उतरतं आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेल्यावर जिथून ठिबकेल बरोबर तिथूनच ठिबकतं. खालून बघणाऱ्याला फरक कळणारच नाही.

खात्री करायची पद्धत अशी. इंजिनची मागची बाजू आणि बेलहाउसिंग डीग्रीझरनं धुऊन कोरडं करा. तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) टाका. निपाणीपर्यंत दोनदा जाऊन या, दीडशे किलोमीटर होतात, तेवढं पुरतं. मग टर्बोच्या मागून एंडोस्कोपचा कॅमेरा आत सोडा आणि यूव्ही बॅटरी मारा. मधली खोबण हिरवी-पिवळी चमकली तर कूलरचं सील. खोबण कोरडी आणि बेलहाउसिंग ओलं, तरच मागच्या सीलवर संशय घ्या. एंडोस्कोप मोबाईलला जोडायचा साधा चालतो. या तासाभराच्या कामानं माझा गिअरबॉक्स विनाकारण उतरायचा वाचला.

काम मोठं आहे. सील किरकोळ किमतीची, मजुरी मात्र दोन ते तीन दिवसांची, कारण कूलरपर्यंत पोचायला वरचं सगळं उतरावं लागतं: दोन्ही एअर फिल्टर, टर्बोकडं जाणारा पाइप, टर्बो, ईजीआर (थोडा धूर परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह), डिझेलच्या हायप्रेशर नळ्या, मग इनटेक मॅनिफोल्ड. कूलंटही आधी काढून घ्यायचं, कारण ते या कूलरमधूनच फिरतं. गाडी देण्याआधी मिस्त्रीशी चार गोष्टी बोलून घ्या.

पहिली, स्वच्छता. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) दाब १६०० बारपर्यंत जातो. नळीच्या तोंडात वाळूचा कण गेला तरी इंजेक्टरची वाट लागते. म्हणून आधी इंजिन धुणं, आणि नळी सुटली की लगेच दोन्ही तोंडांना टोपणं. इंजिन चालू असताना किंवा नुकतंच बंद केलेलं असताना या नळ्यांना पाना लावायचा नाही.

दुसरी, मॅनिफोल्ड निघाला की हेडची (सिलिंडरच्या वरच्या झाकणाची) भोकं आ वासून उघडी असतात. त्यात स्वच्छ फडकी कोंबतात. किती कोंबली ते फळ्यावर लिहून ठेवायला लावा, काढताना तेवढीच मोजून काढायची. एखादा नट आत गेला आणि कळलं नाही, तर पहिल्या स्टार्टलाच पिस्टन आणि व्हॉल्व्ह गेले म्हणून समजा.

तिसरी, सील कुठली. मूळ सील नारिंगी असायची, नंतर आलेली सुधारित व्हायटॉन रबरची, जांभळट रंगाची. हीच घ्या. चासी नंबरची सतरा अक्षरं देऊन पार्ट नंबर काढायचा, "ई-क्लासची द्या" एवढ्यावर मागवायचं नाही. सील बसवताना ब्लॉकची बसणी ब्लेडनं खरवडायची नाही, अॅल्युमिनियमवर ओरखडा आला की नवं सीलही गळणार. प्लॅस्टिकचा स्क्रेपर, ब्रेक क्लीनर, फडकं. सिलिकॉन पेस्ट अजिबात नाही. आमचे मिस्त्री सवयीनं ट्यूब हातात घेतातच, तेवढं उभं राहून बघा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. इतकं खोलल्यावर त्या थरातलं बाकीचं म्हातारं सामान त्याच वेळी बदला. टर्बोच्या तोंडाशी एक गोल सील असतं. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ इनटेककडं नेणाऱ्या नळीतून) येणारी तेलाची वाफ तिथून झिरपते आणि बरोबर खाली बसलेल्या मोटरवर थेंब थेंब पडते. ही मोटर इनटेकमधले फ्लॅप हलवते. तेल आत शिरलं की ती बंद पडते, चेक इंजिनचा दिवा लागतो, कधी फ्यूज उडतो आणि गाडी ताकद सोडते. पुष्कळ जण तिथं ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावून कॉम्प्युटरला फसवतात. गाडी चालते, पण फ्लॅप जिथं अडकला तिथंच राहतो, आणि वरचं सील बदललेलं नसतं म्हणून गळती चालूच. माझा सल्ला: तोंडाचं सील, मोटर, मॅनिफोल्डची गॅस्केटं आणि टर्बोच्या तेलाच्या नळीची गॅस्केटं एकाच यादीत घ्या. मॅनिफोल्डमध्ये ईजीआरची काजळी आणि तेल मिळून डांबरासारखा थर बसलेला असतो, तो काढायचाच. पण फ्लॅपच्या दांड्या प्लॅस्टिकच्या आहेत, त्यावर कडक केमिकल नको. बोटानं फ्लॅप हलवून बघा. सांध्यात खेळ जाणवला तर साफ करून उपयोग नाही, मॅनिफोल्डच बदलायला लागतो.

ग्लो प्लग (थंड इंजिन स्टार्ट करायला सिलिंडर तापवणारे) सहा असतात आणि इतक्या रनिंगला जाम झालेले असतात. वर मोकळी जागा झालीच आहे तर काढू, असं मिस्त्री म्हणेल. गाडी व्यवस्थित स्टार्ट होत असेल तर हात लावू नका. थंड हेडमधून ओढायला गेलं की प्लग मधेच तुटतो आणि हेड उतरवायची वेळ येते. कोल्हापूरच्या थंडीत या इंजिनाचं त्यांच्यावाचून फारसं अडत नाही.

जोडणी झाल्यावर टर्बोच्या तेलाच्या भोकात आधी थोडं इंजिन ऑईल ओतायचं, कोरडा टर्बो फिरवायचा नाही. इंजिन ऑईल साडेआठ लिटर, मर्सिडीजच्या २२९.५१ मान्यतेचं. डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात हा आकडा असतो, तो वाचायचा, ब्रँड कुठलाही चालेल. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं, हीटर फुल ठेवून हवा काढायची. बोअरचं पाणी घातलं तर रेडिएटरमध्ये क्षार बसतात.

आता उद्यमनगर, कोल्हापूरचा वर्कशॉपांचा भाग. ही गाडी कोल्हापुरात ठेवण्याचा खरा फायदा तो. टर्बो काढताना एक्झॉस्टचा स्टड तुटला तर दुसऱ्या गावात आठवडा जाईल. इथं तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून तो उलटा फिरवून काढणारे हात आहेत, तासाभरात आटे साफ करून किंवा हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून मिळतात. जाम झालेला सस्पेन्शनचा सांधा ओढायला पुलर लागला तर माप देऊन संध्याकाळी घेऊन यायचा. पण ज्या हातांनी पुलर केला त्यांच्याकडूनच बुश (सांध्यात बसणारी नळी) लेथवर टर्न करून घ्यायचा मोह होतो, तो आवरा. सस्पेन्शनचे काही बुश आतून तेल भरलेले असतात. त्यांच्या जागी नायलॉन किंवा टणक रबर बसवलं की सगळा धक्का पुढच्या बॉल जॉइंटवर जातो आणि वर्षभरात तोही वाजायला लागतो. इंजिन माउंटचं (इंजिन ज्या आधारावर बसतं त्याचं) तेच. डी मध्ये सिग्नलला उभं असताना स्टीअरिंग थरथरतं आणि न्यूट्रलला थांबतं, तर माउंट खचलेत. ते हायड्रॉलिक असतात, दोन्ही एकदम बदलायचे आणि गिअरबॉक्सचा माउंटही त्यांच्याबरोबर. पुण्या-मुंबईहून पार्ट रात्रीच्या ट्रॅव्हल्सला टाकला की सकाळी कोल्हापुरात मिळतो, त्यामुळे लोकल जुगाडाची तशी गरजच नाही.

गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" असतं, हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. मर्सिडीजच्या २३६.१४ मान्यतेचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), फिल्टर, पॅनचं गॅस्केट आणि वायरिंगच्या गोल प्लगची रबरी रिंग हे सगळं एकत्र मागवा. ती रिंग गेली की तेल प्लगमधून बाहेर झिरपायला लागतं. पॅन काढल्यावर निम्मंच तेल बाहेर येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहतं. म्हणून मी एकदा बदलून हजार किलोमीटरनं पुन्हा बदलायला सांगतो, दुसऱ्या वेळी फिल्टर नको. पॅनच्या तळातली चुंबकं बघा. राखाडी मऊ लेप असेल तर झीज साधी आहे. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर तेल बदलून काही होणार नाही.

लेव्हल बघण्यात बहुतेक ठिकाणी चूक होते. इंजिन चालू, लिव्हर पी मध्ये, गाडी रॅम्पवर सपाट, आणि गिअरबॉक्सचं तेल ४५ अंश सेल्सिअसला असताना जादा तेल ओव्हरफ्लोच्या भोकातून बाहेर पडायला हवं. धार तुटून थेंब व्हायला लागले की बोल्ट लावायचा. तापमान स्कॅनरवरच वाचायचं, हात लावून नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये गाडी आधीच तापलेली असते आणि ४५ कधी ओलांडलं ते कळतही नाही. गरम तेल फुगलेलं असतं, जास्त बाहेर पडतं आणि लेव्हल कमी राहते. मग चढाला गिअर घसरतो आणि दोष गिअरबॉक्सला. रात्री गाडी गॅरेजमध्येच सोडा आणि हे काम सकाळी पहिलं करायला लावा.

बाकीचं थोडक्यात. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडं चार महिने हवेत पाणीच असतं. करूळ किंवा आंबा घाट उतरताना हे पाणी उकळलं की पेडल खाली जातं. घाटात लिव्हर डावीकडं ढकलून खालचा गिअर घ्या, ब्रेक दाबून धरू नका. २००६ च्या मध्याआधी बनलेल्या डब्ल्यू २११ ला एसबीसी नावाचा इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहे. त्यात पॅड बदलण्याआधी स्कॅनरनं सिस्टिम बंद करावीच लागते, नाहीतर पंप आपोआप दाब देतो आणि कॅलिपरमध्ये बोटं सापडतात. अशी गाडी घेणार असाल तर मिस्त्रीला हे माहीत आहे का, ते आधी विचारा. प्रोपेलर शाफ्टची (मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या दांड्याची) रबरी डिस्क दोन्ही टोकांना बघायची, बोल्टच्या भोकाशी चीर दिसली की बदला. टायर २२५/५५ आर १६, नक्षी शिल्लक असली तरी बाजूवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

पावसाआधी एक काम मात्र दरवर्षी. काचेखालच्या खोबणीतली पानं काढून तिथल्या निचऱ्याच्या नळ्या मोकळ्या करा, सनरूफच्या चारही कोपऱ्यांत पाणी ओतून ते चाकाजवळून बाहेर येतं का बघा. मग डिकी. मागच्या दिव्यांच्या गॅस्केटमधून पाणी आत येतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साठतं. बॅटरी आणि फ्यूजचा कंट्रोल बॉक्स दोन्ही डिकीतच आहेत, त्यामुळे पहिल्यांदा दिवे वेडेवाकडे लागतात आणि लोक वायरमनला बोलावतात. कार्पेट उचलून खाली हात फिरवा, ओल हाताला लगेच कळते. जुनी गाडी घ्यायला गेलात तर हाच हात आणखी एका कारणासाठी फिरवायचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन पुसून बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, रीळाजवळच्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहिलेली असते. सीटखालचे कनेक्टर उघडा, पिना हिरव्या पडल्या असतील तर सौदा सोडा.

रीपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आधी साठ दिवसांपासून करता येतं. फॉर्म २५, पीयूसी, चालू विमा, पर्यावरण कर, चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा. नवी मुदत पाच वर्षांची मिळते. इन्स्पेक्शनला नेण्याआधी सगळे दिवे, वायपर आणि हॉर्न स्वतः तपासा. पीयूसीला जाताना गाडी वीसएक किलोमीटर हायवेला ताणून न्या, गावात फिरून फिरून साठलेली काजळी तिथं बाहेर पडू दे.

आणि कूलरचं काम झाल्यावर पहिले पंधरा दिवस रात्री बेलहाउसिंगच्या बरोबर खाली पांढरा पुठ्ठा टाकून ठेवा. धुताना आत राहिलेलं जुनं तेल दोन-तीन दिवस उतरतं, त्यानं घाबरू नका. डाग रोज लहान होत गेला पाहिजे. आठव्या दिवशीही तेवढाच असला तर पुठ्ठा तसाच उचलून मिस्त्रीकडं न्या.